हिरोईनच्या सूटमधली गादी

स्टुडिओच्या मागच्या अंगाला, जनरेटरच्या खोलीला लागून, कपडेपटाची एक लांबट खोली आहे. तिथे गेली सव्वीस वर्षं एक बाई शिलाई मशीनवर बसते. तिला सगळे गादीमावशी म्हणतात. नावावरून उगाच गैरसमज नको, मावशी अंगाने अगदी काडी आहे. फुंकर मारली तर दाराबाहेर जाईल, पण तोंड उघडलं की समोरचाच दाराबाहेर जातो.

मावशी इथे आली ती बटणं लावायला. पहिल्याच आठवड्यात मारामारीची कामं करणारा एक फाइटर दोन्ही गुडघे सोलून तिच्यासमोर येऊन उभा राहिला. पँट गुडघ्यावर फाटली होती, ती शिवून हवी होती. मावशी म्हणाली, "अरे बाबा, पँट काय शिवायची ती शिवते, पण गुडघ्याचं काय?" तो म्हणाला, "उद्या परत ह्याच गुडघ्यांवर पडायचंय, मावशी." झालं! मावशीने घरी जाऊन जुनी रजई कापली, तिचे चार पदर टाचले आणि पँटच्या आतून बसवून दिले. दुसऱ्या दिवशी तो फाइटर हसत हसत आला आणि म्हणाला, "आता कोपरांना पण करून द्या की!"

कोपरांनंतर कंबर झाली, कंबरेनंतर पाठ झाली. वर्षभरात मावशी त्यात अशी तरबेज झाली की विचारू नका. अंगाकडून मऊ, बाहेरून टणक, आणि कडा इतक्या निमुळत्या की कपड्यावरून हात फिरवला तरी कळू नये. कॅमेऱ्याला दिसली ती गादी फुकट गेली, असं तिचं म्हणणं. सिनेमात बघणारे म्हणायचे, काय हिरो आहे, तिसऱ्या मजल्यावरून पडला आणि धूळ झटकून चालायला लागला! तो चालायला लागला कारण त्याच्या जागी पडणाऱ्याच्या कोटात मावशीची अर्धी गादी शिवलेली होती. पण हे कुणाला सांगायचं आणि कशाला सांगायचं?

मग बायकांचे सिनेमे आले. म्हणजे बायका सिनेमात पहिल्यापासून होत्याच, पण त्या आपल्या रडायला, नाचायला आणि खांबाला बांधून घ्यायला. आता हिरोईनच दार लाथेने उघडणार आणि दहा जणांना लोळवणार! मावशीला काय आनंद झाला म्हणता! तिने नवऱ्याला सांगितलं, शेजारणींना सांगितलं, धोब्याला थांबवून सांगितलं. "आता बघा तुम्ही," ती म्हणायची, "आता बाई मारणार आणि बाप्ये पडणार."

आणि मग हिरोईनचा पोशाख आला. काळा सूट. बिनबाह्यांचा, अंगाला असा चिकटलेला, जसं केळ्याला साल. मावशीने तो हातात धरून उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. म्हणाली, "बाकीचा कुठाय?"

"एवढाच आहे," डिझायनरबाई म्हणाल्या.

"अहो, ह्यात मी गादी कुठे घालू? ह्यात ती बाई स्वतः मावली तरी नवल!"

त्याच सिनेमात तिच्या हातचा मार खाणारे जे दहा गुंड होते, त्यांना जाड कोट, ढगळ पँटी, वर बूट. सगळ्यांना गाद्या. म्हणजे मार खाणारे दहाच्या दहा मऊ गादीवर, आणि ह्या दहांना मारून वर काच फोडून बाहेर उडी घेणारी तेवढी उघडी! मावशीचं डोकंच फिरलं. आणि ती उडी काही हिरोईन घेत नाही हो. ती घेते भिंगरी.

भिंगरी म्हणजे हिरोईनची डुप्लिकेट. हिरोईनसारखाच बांधा, तसेच केस, तसाच सूट, आणि पडायची वेळ आली की ही पुढे. सत्तावीस वर्षांची आहे, जागच्या जागी तीन गिरक्या घेते, म्हणून भिंगरी. फाइट मास्तर सगळ्यांना सांगत असतात, "हिच्या पोटात भीती नावाची वस्तूच नाही." भिंगरी ह्यावर हसते आणि मावशीच्या डब्यातलं अर्धं जेवण संपवते. मावशीला मूलबाळ नाही. ती भिंगरीला सारखी ओरडत असते, आणि ओरडता ओरडता डबा तिच्याकडे सरकवत असते.

आता खरं दुखणं सांगतो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका चिकट सूटमध्ये मावशीने खटपट करून कंबरेला एक लहानशी गादी बसवली होती. डिझायनरबाईंनी बोट दाखवलं, "इथे फुगवटा दिसतोय, काढा." मावशी कुरकुरली, पण काढली. कात्रीने स्वतःच्या हाताने टाके उसवले. त्या दिवशी भिंगरी जिन्यावरून गडगडत खाली आली आणि सहा आठवडे पलंगावर पडून राहिली. डॉक्टर म्हणाले, कंबरेचं हाड जुळलंय, पण ह्याच जागेवर पुन्हा असा मार बसला तर मुलगी जन्मभर लंगडेल. भिंगरीने मावशीला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं मावशीला वाटायचं. त्या सहा आठवड्यांत मावशीने स्वतःला किती शिव्या घातल्या असतील, त्याला गणती नाही.

म्हणून ह्या वेळी नवीन सिनेमा आला, तसाच काळा सूट आला, आणि मास्तरांनी शॉट समजावून सांगितला तेव्हा मावशीने मशीन थांबवून एकेक शब्द ऐकला. पहिल्या मजल्याच्या कठड्यावरून मागच्या मागे खाली. खाली टेबल. टेबल हलकं, मोडण्यासाठीच केलेलं, पण कॅमेरा जमिनीलगत, त्यामुळे खाली मोठी गादी घालता येणार नाही, पातळ सतरंजीसारखं काहीतरी चालेल. आणि पडायचं कसं? डाव्या कुशीवर. तीच कंबर, तेच हाड.

मावशीने कुणाला विचारलं नाही. सूट उसवला, जाड लोकरी फेल्टचे पदर लावून गाद्या केल्या, आणि कंबर, पाठ, खांदा सगळीकडे आतून बसवल्या. भिंगरीने सूट घालून दोन कोलांट्या मारल्या आणि म्हणाली, "मावशी, अंगात पलंग घातल्यासारखं वाटतंय!"

पण आदल्या दिवशी कॅमेऱ्यासमोर चाचणी झाली आणि सगळं मुसळ केरात. पडद्यावर आधी हिरोईन दिसली, मग तिच्या जागी भिंगरी. आंधळ्यालाही दिसलं असतं. कंबरेला, पाठीला भिंगरी चांगली दोन बोटं रुंद.

"ही वेगळीच बाई वाटते," डायरेक्टर म्हणाले. "काय केलंय हिला?"

डिझायनरबाईंनी जाऊन भिंगरीच्या कंबरेला हात लावला आणि मावशीकडे वळून बघितलं. "मावशी, काढा ते."

मावशीच्या गळ्यात टेप, हातात कात्री. तिने ती कात्री डायरेक्टरांपुढे धरली. "मी एकदा काढली होती, साहेब. आता माझ्या हातून व्हायचं नाही. तुम्ही काढा. आणि उद्या हिचं कंबरडं मोडलं तर दवाखान्यात पण तुम्हीच बसा."

डायरेक्टर काही दुष्ट माणूस नव्हते, पण दोनशे माणसांपुढे कात्री नाकासमोर आली की कुणाचंही डोकं तापतं. ते म्हणाले, "उद्या बारा वाजता शॉट. गादी नसलेल्या सूटमध्ये मुलगी उभी पाहिजे. नसेल तर दुसरी मुलगी येईल आणि दुसरी मावशीही येईल."

मास्तर आपल्या बुटांकडे बघत राहिले. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे भिंगरीच मावशीला बाजूला घेऊन म्हणाली, "काढून टाका ना, मावशी. मी नाही म्हटलं तर उद्यापासून मला कोण बोलावणार? आणि मला काही होत नाही, मी सांभाळून पडेन."

"सांभाळून पडणारी बघा!" मावशी खेकसली. आणि सूट काखेत मारून घरी निघाली.

घरी नवरा टेबलाशी बसून घड्याळ उघडून बघत होता. बसचा कंडक्टर होता, रिटायर झाल्यापासून घरातली चालू घड्याळं दुरुस्त करतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग काय करणार?"

"काढणार नाही."

"मग नको काढूस."

"अहो, नोकरी जाईल!"

"जाऊ दे की. दिवसभर दोघं मिळून भांडू. मला एकट्याला भांडायचा कंटाळा आलाय."

मावशीला हसू फुटलं, आणि हसल्यावर थोडं डोकंही चाललं. तिने सूटमधल्या गाद्या काढल्या आणि प्रत्येकीचे पदर सोडवून निम्म्या केल्या. दोन बोटांऐवजी एकच बोट राहिलं. बसवायच्या सकाळी, कपडेपटातल्या मशीनवर. एवढं कदाचित खपून जाईल, आणि नाही खपलं तर पुढचं पुढे. निम्मी गादी म्हणजे निम्मं हाड वाचणार का, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नाही. उत्तर तिला माहीत होतं.

सकाळी सातला ती कपडेपटात हजर. येताना फाटकाशीच धोबी भेटला आणि म्हणाला, "ऐकलं का मावशी, तुमच्या जागेवर माणूस बघतायत म्हणे!" बस, मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. आता कपडेपटात अशी रीत आहे, की हिरोईनचा आणि डुप्लिकेटचा कपडा हुबेहूब असतो, म्हणून कॉलरच्या आत दोऱ्याची खूण घालतात. हिरोईनला पांढरा दोरा, डुप्लिकेटला लाल. सव्वीस वर्षांत मावशीने कॉलर उलटून बघितल्याशिवाय एका कपड्याला सुई लावली नव्हती. त्या दिवशी ती धोब्याला मनातल्या मनात उत्तरं देत होती. भिंगरीचा रिकामा सूट काखेतून काढून तिने खुंटीला लटकवला, हातपाय धुऊन आली, शेजारच्या खुंटीवरचा सूट ओढून घेतला, आणि तावातावाने गाद्या शिवून टाकल्या.

नऊ वाजता मदतनीस बाई येऊन हिरोईनचा सूट घेऊन गेली. मावशीने भिंगरीला हाक मारली, तिच्या अंगावर सूट चढवला, कंबरेला हात लावला, आणि तिचा हात तिथेच राहिला. गादी नाही. पाठीला गादी नाही. तिने कॉलर उलटली. लाल दोरा. म्हणजे गाद्या...

"अगं बाई!" मावशी मटकन स्टुलावर बसली.

तेवढ्यात निरोप आलाच. हिरोईनने मावशीला मेकअपच्या खोलीत बोलावलं होतं. ताबडतोब.

ती वीस पावलं मावशी कशी चालली ते तिचं तिला ठाऊक. ज्या बाईच्या पोटावर सुरकुती दिसली तर चार माणसं धावतात, तिच्या कंबरेला मावशीने एक बोट जाड फेल्ट शिवलं होतं! नोकरी तर गेलीच, पण आता नाचक्की होऊन जाणार.

हिरोईन आरशापुढे उभी होती. टेबलावर काकडीच्या चार चकत्या, तोच तिचा नाश्ता. ती आरशातल्या स्वतःकडे डोळे बारीक करून बघत होती. एकदम तिने आरशाच्या दिशेने एक गुद्दा हाणला. मग दुसरा.

"मावशी, आत काय घातलंय तुम्ही?"

"चुकलं, मॅडम," मावशी म्हणाली. "खूण न बघता शिवलं. हे भिंगरीचं आहे. आत्ता काढते, दोन मिनिटं..."

"थांबा हो. भिंगरीचं म्हणजे?"

मग मावशीने सांगून टाकलं. जायचंच आहे तर सगळं सांगून जाऊ, असा विचार केला असेल. जिना सांगितला, सहा आठवडे सांगितले, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, कात्री सांगितली. दहा गुंडांच्या कोटातल्या गाद्याही सोडल्या नाहीत.

हिरोईन खुर्चीवर बसली. "म्हणजे ती तशीच पडते? माझ्या नावाने? आतून काहीच नसतं?"

"तुमच्यासारखी दिसायला हवी ना ती."

हिरोईनने कंबरेवर थाप मारून बघितली. मग म्हणाली, "आठ महिने मी मारामारी शिकतेय, मावशी. मास्तर म्हणतात हात चांगला बसलाय. पण ह्या सूटमध्ये आरशात बघितलं की मला माझंच हसू येतं. ही कसली कुणाला मारते, हिला आधी कुणीतरी जेवायला घाला! आज पहिल्यांदा बघितलं आणि वाटलं, हो, ही बाई मारेल." तिने पुन्हा कंबरेवर हात मारला. ढप असा आवाज आला. "एवढी जाड असते होय गादी?"

"ही निम्मी आहे."

"पूर्ण दाखवा."

मावशीने दोन बोटं जोडून दाखवली. हिरोईनने काकडीची बशी बाजूला सारली. "मग दोघींना पूर्ण घाला. ती माझ्यासारखी दिसत नसेल तर मी तिच्यासारखी दिसेन. त्यात काय एवढं? साहेबांशी मी बोलते. आणि कुणाकडे काही खायला आहे का?"

मावशीला खरं तर तिचा मुका घ्यावासा वाटला. पण मेकअप झालेला होता, म्हणून तिने फक्त स्वतःचा डबा आणून दिला आणि पळत जाऊन मशीन सुरू केलं.

बाराचा शॉट तीनवर गेला. डायरेक्टर आधी नाही म्हणाले, मग हिरोईन गादीच्या सूटमध्ये आहे तशीच खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. दहा मिनिटं काय बोलणं झालं ते दाराबाहेर ऐकू आलं नाही. तीन वाजता पडद्यावर हिरोईन दिसली, मग भिंगरी दिसली. कुठली कोण, कळेना. दोघीही भरदार, दोघीही दार लाथेने उघडतील अशा. डायरेक्टर पडद्याकडे बघत म्हणाले, "मी म्हणतच होतो, कॅरेक्टरला जरा वजन पाहिजे." डिझायनरबाई म्हणाल्या की त्यांनी काढलेल्या सूटच्या पहिल्या चित्रात असंच होतं. मावशीने कपाळाला हात लावला. घेऊ देत श्रेय, भिंगरीच्या कंबरेला गादी होती.

भिंगरी वर कठड्यावर चढली. खाली दोनशे माणसं माना वर करून. मावशी नेहमी शॉटच्या वेळी कपडेपटात जाऊन बसायची, आज कॅमेऱ्याच्या मागे उभी राहिली. मास्तरांनी हात खाली केला. भिंगरी मागच्या मागे निघाली, हवेत वळली, आणि डाव्या कुशीवर टेबलात घुसली. टेबलाचे तुकडे चहूकडे उडाले. मावशीने तोंडावर हात धरला.

तुकड्यांतून भिंगरी उठली. डावा पाय टेकला. त्याच पायावर एक गिरकी घेतली आणि हात झटकले. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. हिरोईनने तर तोंडात बोटं घालून शिट्टी मारली.

आणि तेवढ्यात कॅमेरावाला कानात बोट घालत म्हणाला, "साहेब, फोकस गेला."

दुसरं टेबल तयार होतं, पण दुसरी उडी म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक. डायरेक्टरांनी तोंड उघडलं, मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी भिंगरीकडे बघितलं. भिंगरीने मावशीकडे. मग डायरेक्टरांनीही मावशीकडे बघितलं. "मावशी," ते म्हणाले, "चालेल का?"

सव्वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं हो! मावशीला क्षणभर कळेचना की प्रश्न आपल्याला आहे. मग ती पुढे गेली, भिंगरीला कुशीकडून वळवून उभं केलं आणि खांद्यापासून गुडघ्यापर्यंत चाचपलं. पाठ ठीक. खांदा ठीक. कंबरेच्या गादीचा एक कोपरा सुटला होता.

"टाका गेलाय," ती म्हणाली. "दहा मिनिटं लागतील."

"घ्या," डायरेक्टर म्हणाले. आणि सगळा सेट थांबला. दिवे तापत होते, हिरोईन उभी होती, दोनशे माणसं उभी होती, आणि काडीसारखी एक बाई गुडघ्यांवर बसून सुईत दोरा ओवत होती. पहिल्या दोन वेळा तो जाईना, कारण डोळे भरून आले होते. तिसऱ्यांदा गेला.

भिंगरी तिच्या खांद्यावर हात टेकून उभी होती. टाके पडत होते तेव्हा ती वाकून हळूच म्हणाली, "मावशी, आज खाली काय काय दिसतं ते बघितलं. तुम्ही पण दिसलात, तोंडावर हात धरून."

"म्हणजे? एरवी काय करतेस?"

"एरवी डोळे मिटून घेते," भिंगरी म्हणाली. "भीती वाटते ना."

मावशीची सुई थांबली. तिने मान वर करून त्या मुलीकडे बघितलं. एवढी वर्षं, एवढ्या उड्या, आणि दर वेळी डोळे मिटून! मग तिने दोरा दुहेरी केला आणि त्याच कोपऱ्यावर, एकावर एक, आणखी सहा टाके घातले.